गाठ कापण्याची घाई नको, वाऱ्यावर सोडणेही नको

मुलाच्या अंगावर गाठ दिसली की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, वाढतं अंग आहे, जिरून जाईल. बाप म्हणतो, कापून टाकू, एकदाची कटकट मिटेल. मग दवाखान्याची वाट धरली जाते आणि तिथेही बहुतेक वेळा याच दोनपैकी एक उत्तर मिळते. "काढून टाका" किंवा "काही नाही, बघू पुढे." पहिल्या उत्तराने घाबरलेले आणि दुसऱ्या उत्तराने निर्धास्त झालेले असे दोन्ही प्रकारचे आईबाप मी पाहिले आहेत; आधी वॉर्डातली सिस्टर म्हणून आणि आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करणारी कार्यकर्ती म्हणून.

या लेखात मी लहान मुलांच्या मज्जातंतूंवर येणाऱ्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींबद्दल लिहिते आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. अशा बऱ्याच गाठींना लगेच सुरी लावायची गरज नसते. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हाच पुष्कळदा योग्य उपचार असतो. पण कोणीतरी खरोखर लक्ष ठेवत असेल तरच त्याला उपचार म्हणता येईल. पुढची तारीख नाही, गाठीचे माप कागदावर नाही, कोणाकडे यायचे ते ठाऊक नाही, अशा स्थितीत "बघू" म्हणणे म्हणजे त्या मुलाला वाऱ्यावर सोडणे आहे. आणि आपल्या वस्त्यांतल्या मुलांच्या वाट्याला नेमके हेच "बघू" येते.

ही गाठ असते तरी कसली?

मेंदू आणि पाठीच्या कण्यातून निघालेले मज्जातंतू विजेच्या वायरींसारखे अंगभर पसरलेले असतात. हात हलवणे, पापणी मिटणे, चटका कळणे, लघवीवर ताबा राहणे हे सगळे त्यांच्यामार्फत चालते. वायरीवर जसे वेष्टन असते तसे मज्जातंतूंभोवतीही पेशींचे वेष्टन असते. या पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढल्या की गाठ होते. लोक तिला 'नसेवरची गाठ' म्हणतात.

सगळ्या नसेवरच्या गाठी सारख्या नसतात आणि कापायचे की थांबायचे हे बरेचसे प्रकारावर ठरते. श्वानोमा नावाची गाठ मज्जातंतूच्या एका अंगाला वाढते. तिला स्वतःचे आवरण असते. त्यामुळे अनुभवी सर्जन मज्जातंतू राखून ती बऱ्याचदा सोलून काढू शकतो. न्यूरोफायब्रोमा वेगळी. तिच्यात मज्जातंतूचे धागे गाठीच्या आतूनच गेलेले असतात. तिचाच एक प्रकार म्हणजे प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा. ही वडाच्या मुळांसारखी मज्जातंतूच्या फांद्याफांद्यांतून पसरते. हात लावला तर आत गांडुळांचे वेटोळे असल्यासारखे लागते. तिसरी गँग्लिओन्युरोमा. ही छातीत किंवा पोटात, मणक्याच्या बाजूला हळूहळू वाढते आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी केली असता सापडते.

इथे एक इशारा. छातीत आणि पोटात त्याच जागी न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सरही लहान मुलांना होतो. म्हणून पोटातल्या किंवा छातीतल्या गाठीला तपासणीआधीच 'साधी' म्हणून मोकळे होऊ नये. लघवीची विशिष्ट तपासणी, स्कॅन आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास गाठीचा तुकडा तपासणे, एवढे झाल्यावरच ती साधी आहे की नाही हे ठरते. थांबण्याचा निर्णय निदानानंतर घ्यायचा असतो. निदान टाळण्यासाठी थांबायचे नसते.

डाग, ठिपके आणि ग्रहण

प्लेक्सिफॉर्म गाठ असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ हा आजार असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात एनएफ-१ म्हणतात. फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. साधारण ३००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. या हिशेबाने तीन लाख वस्तीच्या तालुक्यात शंभरएक माणसे निघतील. म्हणजे हा आजार आपण समजतो तितका विरळा नाही. आपल्याला तो ओळखता येत नाही, इतकेच.

ओळखायचा कसा? दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग अंगावर असतात. काही भागांत अशा डागाला लासं म्हणतात. एखाददुसरा डाग पुष्कळ निरोगी मुलांना असतो, त्याची काळजी नको. पण वयात न आलेल्या मुलाच्या अंगावर तुरीच्या डाळीपेक्षा, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर डॉक्टरांना दाखवा. काखेत आणि जांघेत बारीक ठिपके, बुबुळावर छोटे उंचवटे, पायाचे हाड वाकलेले, पाठीचा कणा तिरका, ही आणखी लक्षणे. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शिकण्यात काही ना काही अडचण येते. गुरुजी 'ढ' म्हणतात आणि घरचे आळशी म्हणतात, ते मूल कदाचित या आजाराशी झगडत असते.

हा आजार सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बिघाडाने होतो. निम्म्या मुलांमध्ये तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, उरलेल्या निम्म्यांत तो त्या मुलातच नव्याने झालेला असतो. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून डाग पडला, कोणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे फेडते आहे, यातले काहीही खरे नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो कुष्ठरोगही नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कमी कळतो किंवा कळत नाही, या डागांवर तो नेहमीसारखा कळतो. शंका असेल तर तपासून घ्या, पण मुलाची चटई वेगळी करू नका.

गाठीवर बिब्बा लावणे, डाग देणे, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधणे हे प्रकार अजूनही चालतात. गाठीच्या आत जिवंत मज्जातंतू असतो. त्याला चटका देऊन किंवा आवळून गाठ जात नाही. जखम चिघळते आणि खरे निदान लांबते.

कापायला काय हरकत?

"साधीच गाठ आहे ना, मग काढून टाका" हे ऐकायला सरळ वाटते. चरबीची गाठ असती तर मीही तेच म्हटले असते. पण प्लेक्सिफॉर्म गाठ आणि मज्जातंतू हे कणीक आणि मिठासारखे एकमेकांत मिसळलेले असतात. गाठ पूर्ण काढायची तर मज्जातंतूचे धागे तुटण्याची भीती, मज्जातंतू राखायचा तर गाठीचा काही भाग मागे ठेवावा लागतो. मागे राहिलेला भाग पुन्हा वाढू शकतो आणि मूल जितके लहान तितकी ही शक्यता जास्त, कारण या गाठी बालपणीच सर्वांत झपाट्याने वाढतात. शिवाय त्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, त्यामुळे रक्तस्राव मोठा होऊ शकतो. चेहरा आणि मान या जागा तर जास्तच अवघड.

माझ्या पाहण्यात एक सात वर्षांची मुलगी आली होती. गालापासून कानामागे पसरलेली मऊ गाठ होती. दुखत नव्हती, जेवायला-बोलायला अडचण नव्हती. शाळेत मुले चिडवायची, म्हणून आईबापांनी कर्ज काढून एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. आधी एमआरआय झाला नव्हता. चेहऱ्याच्या मज्जातंतूला धक्का लागू शकतो हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. संमतीच्या छापील कागदावर वडिलांचा अंगठा तेवढा होता. शस्त्रक्रियेनंतर तिचा त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटेना, तोंड वाकडे झाले. तीन वर्षांत गाठ पुन्हा दिसू लागली. चिडवणे थांबले नाही, त्याचे कारण तेवढे बदलले. सर्जनचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण जी गाठ मुलीला त्रास देत नव्हती, ती काढण्यासाठी तिने डोळा मिटण्याची ताकद गमावली.

मग शस्त्रक्रिया कधी?

शस्त्रक्रियेच्या विरोधात हा लेख आहे असे कोणी समजू नये. गाठ श्वासनलिकेवर दाब देत असेल, गिळता येत नसेल, पाठीच्या मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडत असतील, दृष्टीला धोका असेल, न थांबणारे दुखणे असेल, तर थांबणे हाच गुन्हा ठरेल. गाठ एकाच जागी, आटोपशीर आणि सहज काढता येण्याजोगी असेल, तर ती मोठी होण्याआधी काढणे शहाणपणाचे असू शकते. काही वेळा पूर्ण गाठ न काढता दाब देणारा भागच कमी करतात. रूप बिघडवणारी गाठ हेही शस्त्रक्रियेचे खरे कारण आहे. मोठ्या होत चाललेल्या मुलीला आरशात काय दिसते याला 'सौंदर्याचा प्रश्न' म्हणून झटकणे मला पटत नाही. फक्त तो निर्णय तिला विचारून, काय मिळेल आणि काय जाईल हे तिला समजेल अशा भाषेत सांगून व्हावा. "हिचे लग्न कसे होणार" या धाकाने नव्हे.

आणि एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवायचा. एनएफ-१ असलेल्या शंभर जणांपैकी साधारण ८ ते १३ जणांना आयुष्यात कधीतरी मज्जातंतूच्या आवरणाचा कॅन्सर होतो आणि तो पुष्कळदा जुन्या प्लेक्सिफॉर्म गाठीतूनच उठतो. तो बहुतेक मोठ्या वयात होतो, पण किशोरवयातही होऊ शकतो. गाठ अचानक भराभर वाढू लागली, मऊ होती ती कडक झाली, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे सुरू झाले, हातपायात नवी कमजोरी किंवा बधिरपणा आला, यातले एक जरी दिसले तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात मोठे रुग्णालय गाठा. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीसाठी गेलीच पाहिजे. तिचा रिपोर्ट घरात रेशनकार्डाइतका जपून ठेवा.

या आजारातल्या साध्या गाठींवर रेडिएशन देणे मात्र टाळतात, कारण त्याने पुढे कॅन्सरची शक्यता वाढते. कोणी तसे सुचवले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय?

ऊसतोड करणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा. कमरेच्या वर, मणक्याशेजारी गाठ. केसपेपरवर शब्द होते, "साधी गाठ. लक्ष ठेवा." लक्ष कोणी ठेवायचे, कधी यायचे, कशावरून घाबरायचे, काहीच लिहिलेले नव्हते. आईबापांनी त्याचा अर्थ घेतला, काळजीचे कारण नाही. दसरा झाला की कुटुंब कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचे ते थेट उन्हाळ्यात परत. दोन हंगाम गेले. मुलगा चालताना अडखळू लागला, तर मुकादम म्हणाला सोंग करतो. अंथरुणात लघवी होऊ लागली, तर आईने मारले. रुग्णालयात आणला तेव्हा गाठ मणक्याच्या पोकळीत शिरून मज्जारज्जू दाबत होती. शस्त्रक्रिया झाली. आज तो काठी घेऊन चालतो, लघवीवरचा ताबा मात्र परत आला नाही.

पहिल्या मुलीवर घाईने अन्याय केला, या मुलावर "बघू"ने. दोघांच्या आईबापांनी सांगितले तेच केले होते. त्यांना पुरते सांगितलेच गेले नव्हते.

खरे निरीक्षण असे असते. सुरुवातीला एकदा एमआरआय, म्हणजे गाठ कुठवर पसरली आहे ते कळते. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, पण लहान मूल स्थिर राहत नाही म्हणून झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. त्यामुळे तो उठसूट करायचा नसतो, गरज पाहून ठरावीक अंतराने करायचा असतो. वर्षातून किमान एकदा पूर्ण तपासणी. तीत गाठीचे माप, हातपायांची ताकद आणि स्पर्श, पाठीचा कणा, उंची-वजन, शाळेतली प्रगती हे सगळे येते. रक्तदाब मुलांचाही मोजायचा, कारण या आजारात तो वाढू शकतो. डोळ्यांची तपासणी लहान वयात दरवर्षी हवी, कारण एनएफ-१ असलेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरांना दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ येते आणि ती मुख्यतः पहिल्या सहा-सात वर्षांत दिसते. या डोळ्यामागच्या गाठींपैकीही बहुतेकींना उपचार लागत नाहीत, पण ज्यांना लागतात त्यांची दृष्टी वेळेवर कळले तरच वाचते.

घरी काय करायचे? दर तीन महिन्यांनी एकाच जागी शिंप्याच्या टेपने माप घ्या, जवळ एक रुपयाचे नाणे धरून मोबाइलवर फोटो काढा, वहीत तारीख लिहा. याला पैसा लागत नाही आणि डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

"हे लोक परत येणार नाहीत"

आता माझ्या मताला विरोध करणारा सर्वांत जोरदार मुद्दा घेते. काही डॉक्टर खासगीत सांगतात, "सिस्टर, तुमचे म्हणणे पुस्तकात ठीक आहे. पण ही माणसे एकदा गेली की परत येत नाहीत. आज भरती आहेत, योजनेत बसतात, तर आजच काढून टाकलेले बरे." या म्हणण्यात काळजी आहे हे मी मान्य करते. फेरतपासणीला न आलेल्या मुलांचे काय होते, ते मी वर सांगितलेच.

तरीही हा युक्तिवाद मला मान्य नाही. एक तर शस्त्रक्रियेने फेरतपासणी सुटत नाही. गाठ पुन्हा वाढू शकते, एनएफ-१ जन्मभर सोबत असतो, दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. परत न येणाऱ्या मुलाला शस्त्रक्रिया केली तरी धोका उरतोच, वर एक मज्जातंतू गमावण्याची भर. आणि दुसरे, माणसे परत का येत नाहीत हे विचारले का? एका फेरीला एसटीचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या लेकरांची सोय, शहरात मुक्काम पडला तर जेवण. आईला २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट लागते, तेवढाच दिलासा. इतके करून पोचल्यावर एमआरआयची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळते. सधन घरातल्या मुलाला थांबण्याचा सल्ला दिला जातो, कारण तो परत येईल याची खात्री असते. गरिबाच्या मुलाला मात्र ती खात्री नाही म्हणून कापायचे? व्यवस्थेच्या गैरसोयीची किंमत मुलाच्या मज्जातंतूने का मोजावी?

पैशाचा ओघही एकाच दिशेने आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने कितीतरी कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे आणि तिचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेले आहे, ही चांगलीच गोष्ट. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांभोवती बांधलेली आहे. मूल टेबलावर घेतले तर खर्चाची वाट आहे. तेच मूल दहा वर्षे नीट सांभाळून पाहायचे असेल, तर त्या दहा वर्षांच्या फेऱ्या आणि बुडालेल्या मजुऱ्या घराच्याच माथी. ज्याला पैसे मिळतात ते घडते आणि ज्याला मिळत नाहीत ते "बघू"वर राहते. हे कोणा एका डॉक्टरच्या मनातले खोट नाही, ही रचनाच तशी आहे. म्हणून ती बदलायला लावली पाहिजे.

नवे औषध आणि जुना प्रश्न

कापणे आणि थांबणे यांच्यामध्ये आता तिसरी वाटही निघाली आहे. सेल्युमेटिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मंजूर झाले. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी ते तेव्हा दोन वर्षांवरील मुलांकरिता मंजूर झाले होते. ज्या अभ्यासावर ही मंजुरी मिळाली त्यातल्या ५० मुलांपैकी ३५ मुलांची गाठ किमान एक पंचमांशाने आकसल्याचे दिसले. २०२५ मध्ये मिरडामेटिनिब हे त्याच जातीचे आणखी एक औषध तिथे मंजूर झाले.

हे औषध गाठ नाहीशी करत नाही, लहान करते. जुलाब, अंगावर पुरळ, नखांभोवती सूज असे त्रास होतात, हृदय आणि डोळ्यांची तपासणी करत राहावे लागते. बंद केल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. आणि किंमत मजुरी करणाऱ्या घराच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून "एक गोळी आली आहे" एवढ्यावर कोणी जमीन गहाण टाकू नये. पण एक गोष्ट या औषधाने पक्की केली. ज्या मुलाचे आज थांबता येण्यासारखे आहे, त्याच्यासाठी उद्या आजच्यापेक्षा चांगला उपाय असू शकतो. तुटलेला मज्जातंतू मात्र उद्याही जोडून मिळेलच असे नाही.

आपण काय मागायचे, काय करायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. सुरुवातीला ठरवलेल्या ३० आजारांच्या यादीत एनएफ-१ नावाने नव्हता. पण त्वचेचे विकार, शिकण्यातल्या अडचणी, हालचालींतले दोष हे त्यात होते. पथकाने मुलाचा सदरा काढून पाठ आणि काख पाहिली तर सहा डाग मोजायला एक मिनिट लागते. ही एक मिनिटाची तपासणी मागा. संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवून घ्या. थांबण्याचा सल्ला दिलेल्या मुलांची तिथे स्वतंत्र नोंदवही असावी, तारखेला न आलेल्या घरी आशाताईंमार्फत निरोप जावा आणि प्रवासखर्च मिळावा, ही मागणी ग्रामसभेतून आणि जिल्हा परिषदेतून पुढे रेटली पाहिजे. ऊसतोड आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांची कागदपत्रे त्यांच्यासोबत जावीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरलाही माप कळेल.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, लाजू नका.

१. ही गाठ कोणत्या प्रकारची आहे आणि हे कोणत्या तपासणीवरून ठरले?
२. आज न काढल्यास काय होऊ शकते?
३. काढल्यास कोणता मज्जातंतू धोक्यात येतो आणि त्याने माझ्या मुलाचे कोणते काम बंद पडू शकते?
४. तुम्ही अशा गाठी आधी काढल्या आहेत का? नसतील, तर आम्ही कुठे जावे?
५. थांबायचे असेल तर पुढची तारीख कोणती आणि कोणती लक्षणे दिसल्यास तारखेआधी यायचे?

असे विचारले की कधी कधी ऐकावे लागते, "तुम्हीच डॉक्टर झालात का?" शांतपणे सांगा, आम्ही आईबाप आहोत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात माहिती मिळण्याचा, कागदपत्रे मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. नीट समजल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही, एवढे तरी आपण आपल्या घरापुरते ठरवू शकतो.

विहारात जमणाऱ्या महिला मंडळांना माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीत गाठ असलेले, डॉक्टरांनी थांबायला सांगितलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख मंडळाच्या वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी आईसोबत एक बाई जाईल आणि घरच्या लेकरांना दुसरी सांभाळेल, एवढी पाळी लावा. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहायची गरज नाही. आणि पुढच्या वेळी कोणी केसपेपरवर "लक्ष ठेवा" लिहून कागद हातात दिला, तर खुर्चीवरून उठण्याआधी विचारा, "साहेब, कधी यायचं? तारीख लिहून द्या."